सकाळच्या बाटलीत काही नव्हतं

१९४९ च्या जानेवारीत आमचं सेक्शन चुडाव्याजवळच्या रेल्वे पुलावर पहाऱ्याला गेलं. हैदराबादची पोलीस ॲक्शन होऊन चार महिने झाले होते. कंपनी परभणीला होती, आणि कंपनीतून लहान लहान तुकड्या पूल, स्टेशनं आणि तारेच्या लाइनीवर वाटून दिल्या होत्या. आम्ही दहाजण. दोन तंबू, एक फील्ड टेलिफोन, पाण्याची दोन पिंपं, स्वयंपाकाची भांडी. पूल ओढ्यावरचा होता, लोखंडी गर्डरचा, सहा गाळ्यांचा. ओढ्यात पाणी डबक्यांपुरतं उरलं होतं आणि खालचा दगड उघडा पडला होता. पुलाच्या मध्यावर, रुळांच्या बाजूला, गाडी आली तर गँगच्या माणसांना उभं राहता यावं म्हणून फळ्यांचा एक लहान ओटा काढलेला होता. तिथे आमचा सेंट्री उभा असे. दोन तास ड्यूटी, चार तास सुट्टी. दिवसरात्र हाच हिशेब.

मी लान्स नाईक होतो. वय बावीस. गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खेडच्या वर डोंगरात. वडील गेले आणि चौथीतच माझी शाळा सुटली. फौजेने मला अंगभर कपडे दिले, दोन वेळा पोटभर जेवण दिलं, आणि दंडावर एक फीत दिली. त्याबद्दल मी आजही फौजेचा ऋणी आहे. पण ती फीत जाईल ही भीती मला झोपेतही सोडत नसे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यात या भीतीचा मोठा वाटा आहे.

परभणीकडचा मुलूख मला परका होता. डोंगर नाही, भात नाही. नजर पोचेल तिथवर काळं रान, उभी ज्वारी आणि कापसाच्या पळाट्या. पहिला महिनाभर मला भाकरी गिळताना आई आठवे. तिला पत्र लिहायचं तर मला एकेक अक्षर जोडायला वेळ लागे. मग सिपाही अनाजी लिहून देई.

अनाजी सातारा जिल्ह्यातला, पाटण खोऱ्यातला. सातवी पास. बाप पहिल्या लढाईतला जुना शिपाई. अनाजी सहा फुटांवर उंच होता, आणि ऑक्टोबरात मलेरियाने पडल्यापासून त्याच्या अंगावरचं मांस उतरलं ते परत भरलंच नाही. पट्ट्याला नवीन भोकं पाडावी लागली. सेक्शनमधले त्याला तारेचा खांब म्हणत.

"अरे खांबा, जरा सरळ राहा, परभणीचा फोन लागंना."

"लागला तर काय बोलणारेस? तुला बोलायला येतं का?" तो म्हणायचा.

मी काय सांगतो ते ऐकून तो पत्र लिही, आणि मी न सांगितलेलं एखादं वाक्य शेवटी घाली. "तुझी फार आठवण येते" असं मी कधी तोंडाने म्हटलं नसतं. आईला ते दरवेळी पोचलं.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी सहाच्या सुमारास त्याने मला बांधाच्या मागे बोलावलं. हातात इनॅमलचा मग होता.

"बघ."

मगात लघवी होती. कोकमाच्या पाण्यासारखी लाल.

"कधीपासून?"

"तापानंतर. ड्यूटी करून आलो की होतंय. डाव्या कुशीत आतून वढल्यागत दुखतंय. निजलो की ऱ्हातंय."

आमचा नाईक तेव्हा रजेवर गेला होता, म्हणून पोस्ट माझ्या हाती होती. मी त्याचं नाव सिक रिपोर्टला दिलं.

सिक रिपोर्टची पद्धत सांगितली पाहिजे, कारण सगळं तिथेच अडलं. पोस्टवरचा आजारी माणूस आदल्या दिवशीच्या गाडीने परभणीला जाई आणि दवाखान्याच्या ओसरीवर झोपे. सकाळी सहाला उठल्याबरोबर नर्सिंग ऑर्डर्ली प्रत्येकाला बाटली देई आणि समोर उभं राहून लघवी घेई. समोर उभं राहायचं कारण जुन्या कामचुकार लोकांच्या युक्त्या. कोणी पान खाऊन बाटलीत थुंके, कोणी टाचणीने बोट टोचून दोन थेंब टाकी. त्यामुळे बाहेरून भरून आणलेली बाटली चालत नसे. सकाळची, ताजी आणि डोळ्यांदेखत घेतलेलीच चाले. साडेसहाला डॉक्टर साहेब येत.

डॉक्टर साहेब कॅप्टन होते, बंगालकडचे. माणूस वाईट नव्हता. त्यांनी अनाजीची लघवी काचेच्या नळीत घालून स्पिरिटच्या दिव्यावर उकळली, उजेडात धरली. साफ. पोट दाबून पाहिलं. कपडे काढायला लावून तपासलं, तेव्हा डाव्या बाजूला अंडाच्या वरच्या शिरा फुगलेल्या दिसल्या.

"ये बहुत जवानों को होता है. लंगोट कसके बाँधो," ते म्हणाले आणि वहीत दोन अक्षरं लिहिली. एम. डी. म्हणजे मेडिसिन अँड ड्यूटी. औषध घे आणि कामाला लाग.

अनाजी परत आला. दुसऱ्या दिवशी दोन ड्यूट्या झाल्यावर लघवी पुन्हा लाल. मी तीही पाहिली.

तो दुसऱ्यांदा गेला. रात्रभर ओसरीवर झोपला, सकाळी सहाला बाटली दिली. साफ. एम. डी. तिसऱ्यांदा गेला. साफ. त्या वेळी डॉक्टर साहेबांनी दोन अक्षरांच्या पुढे आणखी एक ओळ लिहिली. हा माणूस ढोंग करत असल्याचा संशय आहे, असा तिचा अर्थ होता.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्याला कंपनी कमांडरपुढे उभं केलं. टोपी नाही, पट्टा नाही, लेफ्ट राइट करत आत. पोस्ट कमांडर म्हणून मला साक्षीला बोलावलं होतं. टेबलामागे मेजर साहेब, बाजूला सुभेदार साहेब.

मेजर साहेबांनी वही वाचली आणि माझ्याकडे पाहिलं.

"लान्स नाईक, तुमने खून देखा?"

मी दोनदा पाहिलं होतं. पण वहीत डॉक्टरांचा शेरा होता, आणि कॅप्टनच्या शेऱ्यापुढे लान्स नाईकाचा शब्द ठेवायचा म्हणजे काय, हे मला माहीत होतं. निदान तेव्हा तसं वाटलं.

"सर, मैंने सुबह देखा. साफ था."

हे खोटं नव्हतं. मी एकदा सकाळीही पाहिलं होतं, आणि तेव्हा साफ होतं. संध्याकाळचं मी बोललो नाही. अनाजी समोर पाहत होता. त्याची मान हलली नाही.

मेजर साहेब म्हणाले, याचे कागद पुढच्या शुक्रवारी जातील. सर्व्हिसेस नो लाँगर रिक्वायर्ड, म्हणजे फौजेतून नाव कमी. मग सुभेदार साहेबांना म्हणाले, "अगर खून है, तो आप अपनी आँख से देखिए. मैं मान लूँगा."

बाहेर आल्यावर मी त्याच्याशी बोलायला गेलो. त्याने पट्टा आवळता आवळता विचारलं, "शिवराम, बाटलीतलं तर जाऊ दे. मगातलं बी इसरलास व्हय?" एवढंच. परतीच्या गाडीत तो खिडकीशी बसला आणि चुडावा येईपर्यंत बाहेर पाहत राहिला. दोन दिवसांनी त्याने माझं पत्र लिहून दिलं, नेहमीसारखं. शेवटचं वाक्यही घातलं.

नोकरी जाण्याचं त्याला भय नव्हतं. भय होतं ते नावाचं. त्याच्या गावात घरटी एक माणूस फौजेत. कामचुकार म्हणून परत आलेला त्या गावात एकही नव्हता.

पुलापासून दोनशे पावलांवर गँगमन धोंडिबाची झोपडी होती. त्याची बायको कौसाबाई आम्हांला ताक आणून देई, कधी अंबाडीची भाजी. आम्ही तिला मावशी म्हणायचो. पन्नाशीची, तोंडाने फटकळ, फौजेला न भिणारी. पहिल्याच दिवशी तिने अनाजीला खालीवर न्याहाळलं होतं.

"कामून रे लेकरा, सरकार तुला खायला घालंना का? का खाल्लेलं समदं उंचीलाच जायलंय?"

अनाजी सुट्टीच्या वेळी तिच्या झोपडीमागे लिंबाखाली आडवा पडून असे. तिने त्याला सराट्याचा काढा करून दिला. तो त्याने पंधरा दिवस घेतला. फरक नाही. कंपनीतून आम्ही परत आलो त्या दिवशी तिने त्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि मला हाक मारली.

"इकडं या ओ फीतवाले. पाहा. रगत न्हाई लेकराच्या अंगात. पापणी निस्ती कागदावानी."

"मावशी, डॉक्टर म्हणतो काही नाही."

"डाक्टर कवा पाहतो?"

"सकाळी. उठल्या उठल्या."

"मग त्याला काय दिसन? ह्यो रातभर झोपला की चांगलाच ऱ्हातो. म्या रोज पाहायले न्हाई का? आडवा झाला की ताजा व्हायलाय, उभा ऱ्हायला की वाळायलाय. आत काईतरी दबायलंय ह्याच्या. त्या डाक्टराला म्हणावं, संध्याकाळी पाहा."

ही गोष्ट मला महिनाभरात सुचली नव्हती. डॉक्टरला नाही, ऑर्डर्लीला नाही, अनाजीलाही नाही. आम्हां सगळ्यांना सिक परेड म्हणजे सकाळ एवढंच ठाऊक होतं.

सुभेदार साहेब दर गुरुवारी रेल्वेच्या इन्स्पेक्टरबरोबर मोटर ट्रॉलीवरून पोस्टची पाहणी करायला येत. वेळ ठरलेली, अकरा. शुक्रवारी कागद जाणार. म्हणजे गुरुवार एकच होता.

बुधवारी मी अनाजीला म्हणालो, "उद्या आठ ते दहा तुझी ड्यूटी. पुढचे दोन तासही तूच कर. बसायचं नाही, आडवं व्हायचं नाही. साहेब आले की त्यांच्यासमोर बाटली भरायची."

"ऱ्हातो उभा," तो म्हणाला. "एकदा दावतोच."

माझी चूक भरून काढतो आहे, असं मला वाटत होतं. त्या संध्याकाळी मी पोटभर जेवलो.

गुरुवारी आठला तो पुलावर गेला. मार्चचं ऊन तिकडे नऊलाच टोचायला लागतं. लोखंड तापलं. दहाला त्याची बदली करायला पुढचा सिपाही उठला, त्याला मी बसवलं. पावणेअकराला टेलिफोन वाजला.

"हॅलो, ब्रिज पोस्ट?"

"ब्रिज पोस्ट. लान्स नाईक शिवराम."

"ट्रॉली लेट. पुढे मालगाडी आहे. पूर्णा स्टेशनला थांबलेत."

"किती लेट?"

"सांगता येत नाही. आउट."

मी पुलावर जाऊन त्याला सांगितलं. त्याच्या वरच्या ओठावर घाम होता आणि तोंड मातीच्या रंगाचं. डाव्या कोपराने कूस दाबून धरली होती.

"बस थोडा," मी म्हणालो.

"बसलो आन साफ झाली तर?"

"लघवीला तरी जाऊन ये."

"ती बी त्यांच्याम्होरंच. आता गेलो आन मागनं आली न्हाई तर?"

मी आग्रह केला नाही. ती लाल लघवी मलाही त्याच्याइतकीच हवी होती.

बाराला कौसाबाई ताकाचा तांब्या घेऊन आली. तिने पुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सकाळधरनं तोच हाय का तिथं?"

"मावशी, साहेब यायचेत. त्यांना दाखवायचंय."

"म्या पाहा म्हणलं व्हतं. मारा म्हणलं न्हाई."

"तासाभराचं काम आहे."

"झोपू द्या त्याला. नोकरी जायची तर जाऊ द्या. पुलाचे रूळ काय लेकरापरीस मोठे हायत?"

मी तिला म्हणालो, हे फौजेचं काम आहे, तुम्ही यात बोलू नका. तिने तांब्या तंबूच्या दोरीशी ठेवला आणि गेली. तिच्याशी त्या सुरात मी तेव्हा एकदाच बोललो.

सव्वाबाराला मी पुन्हा पुलावर गेलो. त्याला पाणी पाजलं. त्याने दोनच घोट घेतले. मी म्हणालो, चल, सोड, मी बदली पाठवतो. तो म्हणाला, "चार तास झाले. आता सोडू व्हय?" मग जरा हसून म्हणाला, "लान्स नाईक साहेब, तुमी खाली जावा. तुमी उभं ऱ्हायलात म्हणून माझी लवकर लाल हुईत न्हाई."

मी ऑर्डर देऊ शकत होतो. फॉल आउट, हे दोन शब्द माझ्या हातात होते. मी दिले नाहीत.

एक वाजून पस्तीस मिनिटांनी पूर्णेच्या बाजूने ट्रॉलीचा आवाज आला. मी टोपी नीट केली, तंबूतून स्वच्छ धुतलेली बाटली घेतली आणि पुलाच्या तोंडाशी उभा राहिलो. ट्रॉली थांबली. सुभेदार साहेब उतरले. अनाजी मध्यावरच्या ओट्यावर सावधान झाला. रायफलीवर हात मारून सलाम दिला, तो अगदी कवायतीतला. साहेबांनी सलाम घेतला.

"साहेब, अनाजीचं आत्ता बघा," मी म्हणालो. "आठपासून उभा आहे. लघवी तुमच्यासमोर करणार आहे."

"आठपासून?" साहेबांनी घड्याळ पाहिलं. "बोलाव."

मी हात केला. अनाजी ओट्यावरून स्लीपरवर आला आणि आमच्याकडे चालू लागला. चार स्लीपर तो नीट चालला. पाचव्यावर त्याचा डावा गुडघा वाकला. त्याने रायफल टाकली नाही. रायफल सावरायला तो बाजूला झुकला आणि रूळ व गर्डर यांच्यामधून खाली गेला.

वीस-बावीस फूट असेल. खाली दगड.

मी कसा उतरलो ते आठवत नाही. तो पाठीवर पडला होता. डोळे उघडे होते. कानातून रक्त येत होतं. मला पाहून त्याने ओठ हलवले. मी कान जवळ नेला.

"बाटली हाय का?"

"आहे."

"लाव. लागलीया."

मी बटणं काढली. पण तोवर विजार भिजली होती, आणि ती लाल भिजली होती. मी वर ओरडलो, "साहेब, बघा. लाल आहे. लाल आहे साहेब."

सुभेदार साहेब बांधावरून उतरत होते. ते आले, गुडघ्यावर बसले, त्यांनी पाहिलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"शिवराम, एवढ्या उंचीवरून पडलाय तो. आता लालच येणार."

अनाजीने ते ऐकलं. नसेल ऐकलं अशी मी पुष्कळ वर्षं माझी समजूत घालत होतो. पण ऐकलं. त्याने डोळे मिटून घेतले आणि मान दुसरीकडे केली.

दरवाजाच्या फळीवर घालून त्याला वर आणलं. फळी धोंडिबाच्या झोपडीची होती. कौसाबाईने स्वतः दार उपटून दिलं. ट्रॉलीवर आडवा ठेवून पूर्णेला नेलं. परभणीहून डॉक्टर साहेब गाडीने निघाल्याचा फोन आला. ते पोचायच्या आधी, पाच वाजून वीस मिनिटांनी, पूर्णा स्टेशनच्या पार्सल ऑफिसात अनाजी गेला. मी त्याचा हात धरून बसलो होतो. त्याची नखं पांढरी होती.

दहा दिवसांनी कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. तीन ऑफिसर. प्रश्न असा होता की सिपाही ड्यूटीवर असताना अपघाताने पडला, की खोट्या आजाराचं नाटक वठवताना पडला. दुसरं ठरलं तर वहीतली ती ओळ त्याच्या नावापुढे कायमची राहणार होती. पडल्यानंतरच्या रक्ताला पुरावा म्हणून काडीची किंमत नव्हती. पडण्याआधीचं रक्त अनाजीखेरीज एकाच फौजी माणसाने पाहिलं होतं.

मला आत बोलावलं. मी सगळं सांगितलं. मगातलं रक्त दोनदा पाहिलं ते, मेजर साहेबांपुढे गप्प राहिलो ते, आणि बदली रोखून त्याला पाच तास पस्तीस मिनिटं उभा ठेवला ते. अध्यक्षांनी विचारलं, हे आधी का सांगितलं नाही? मी म्हणालो, सर, मला फीत जाण्याची भीती वाटली.

आणखी एक साक्ष झाली. कौसाबाई गाडीने परभणीला आली होती. कोणी बोलावलं नव्हतं. सेंट्रीने अडवलं तर ती दाराशी बसूनच राहिली. शेवटी तिला आत घेतलं. तिने जे पाहिलं ते सांगितलं. झोपून उठला की चांगला, उभा राहिला की वाईट. सुट्टीत तो नेसायचा ते धोतर तिने धुतलं होतं. डाग संध्याकाळच्या धोतराला असत, सकाळच्या नाही. सुभेदार साहेबांनी तिचं बोलणं हिंदुस्थानीत करून सांगितलं.

डॉक्टर साहेब बाजूला बसले होते. ते उठले.

"बाई, एक बार और बोलो. लेटने से ठीक?"

"व्हय. आडवा झाला की ठीक."

ते अध्यक्षांना इंग्रजीत काहीतरी म्हणाले. सुभेदार साहेबांनी मला नंतर त्याचा अर्थ सांगितला. हा कोणता रोग आहे ते मला माहीत नाही, पण मी या माणसाची संध्याकाळची लघवी एकदाही पाहिली नाही, आणि तरी शेरा लिहिला. तो शेरा मी मागे घेतो. वही मागवून त्यांनी ती ओळ स्वतःच्या हाताने खोडली आणि खाली सही केली. कॅप्टनने सिपायाच्या बाबतीत लिहिलेली ओळ अशी खोडताना मी तेवीस वर्षांच्या नोकरीत पुन्हा पाहिलं नाही. मी त्यांचा उपकार विसरलेलो नाही.

निकाल झाला. ड्यूटीवर असताना, आजारी अवस्थेत, अपघाती मृत्यू. माझी फीत काढली. सुभेदार साहेबांनी स्वतः कात्रीने टाके उसवले. मला वाटलं होतं त्यापेक्षा हलकं वाटलं, आणि त्याची लाज वाटली.

मेमध्ये रजा मिळाली. घरी जायच्या आधी मी कऱ्हाडला उतरून पाटण खोऱ्यात गेलो. अनाजीचा बाप ओसरीवर बसला होता. उजव्या हाताची दोन बोटं लढाईत गेलेली. मी निकालाचं सांगितलं. ते त्याला पत्राने आधीच कळलं होतं. मग मी बाकीचं सांगितलं. मीच त्याला उभा ठेवला होता, हे मी कोर्टापुढे सांगितलं त्यापेक्षा तिथे सांगणं अवघड गेलं.

म्हातारा उठून आत गेला आणि अनाजीची पत्रं घेऊन आला. पिशवीत घालून ठेवली होती.

"त्यानं लिवलं हुतं," तो म्हणाला. "पोटात दुखतंय, उभं ऱ्हावत न्हाई, लोक खोटं म्हंत्यात."

"होय."

"म्या काय जवाब लिवला ठावं हाय?" त्याने पिशवीची दोरी बोटाला गुंडाळली. "शिपायाचा पोर हायस, उभा ऱ्हा."

थोड्या वेळाने त्याने थोरल्या सुनेला हाक मारून दोन ताटं वाढायला सांगितली.

अनाजीच्या त्या रक्ताचं कारण मला कळलं ते फार उशिरा, पेन्शन घेऊनही पुष्कळ वर्षं झाल्यावर. माझी नात कॉलेजात होती. उंच, हडकुळी. हॉस्टेलचं जेवण सोसेना म्हणून आणखी वाळली. एक दिवस ती आईला म्हणाली, प्रॅक्टिकलला दिवसभर उभं राहिलं की लघवी लाल होते, सकाळी साफ असते. मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतो. मी उठलो आणि त्याच दिवशी तिला पुण्याला घेऊन गेलो.

डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी पोटाची सोनोग्राफी केली, आधी निजवून आणि मग उभं करून. मला कागदावर काढून दाखवलं. हृदयाकडून पोटात एक जाड धमनी पाठीच्या कण्यालगत खाली उतरते. तिच्यातून आतड्यांकडे जाणारी दुसरी धमनी पुढे फुटते. या दोघींच्या बेचक्यातून डाव्या मूत्रपिंडाची शीर आडवी जाते. माणूस फार बारीक असला की बेचक्यातली चरबी आटते, बेचकं अरुंद होतं, आणि शीर अडकित्त्यात सुपारी सापडावी तशी दाबली जाते. मूत्रपिंडात रक्त तुंबतं, आतल्या नाजूक शिरा फुटतात आणि लघवीतून रक्त जातं. उभं राहिलं की दाब वाढतो. बहुतेकांचा निजलं की कमी होतो.

"पुरुषांमध्ये," त्या म्हणाल्या, "कधी कधी डाव्या बाजूला अंडाच्या शिराही फुगतात. तिकडची शीरही याच शिरेला येऊन मिळते ना."

मी म्हणालो, "हो. फुगल्या होत्या."

"कोणाच्या?"

"एकोणपन्नास साली माझ्या सेक्शनमधल्या एका सिपायाच्या," मी म्हणालो.

नातीला त्यांनी वजन वाढवायला सांगितलं, उभं राहायचं कमी करायला सांगितलं, आणि दर तीन महिन्यांनी बोलावलं. ऑपरेशन लागलं नाही. वर्षभरात ती बरी झाली. तिचं आता लग्न झालं आहे. त्या डॉक्टर बाईंचे उपकार मी किती मानतो ते त्यांना माहीत नाही. मी त्यांना अनाजीचं सगळं सांगून विचारलं होतं, बाई, हे तेव्हा कोणाला कळलं असतं का? त्या म्हणाल्या, जवळजवळ नाहीच आजोबा. या रोगाला धड नावही नव्हतं तेव्हा. पण झोपू दिलं असतं, चांगलं खाऊ घातलं असतं, तर बहुधा त्याचा तो बरा झाला असता.

पाटण खोऱ्यातल्या त्या घरी आता अनाजीला ओळखणारं कोणी नाही. बाप साठ साल उजाडायच्या आतच गेला. कौसाबाई आणि धोंडिबा कुठे गेले ते मला माहीत नाही. लाइनीवरच्या माणसांना कुठेही बदली व्हायची. हे कारण ज्यांना सांगायला हवं होतं त्यांतलं कोणी उरलेलं नाही, म्हणून तुम्हांला सांगतो.

सिपाही अनाजी चोवीस वर्षांचा होता. गोदावरीच्या काठी त्याचं दहन झालं, सेक्शनच्या उरलेल्या जणांनी शस्त्रं उलटी धरून सलामी दिली. तो कामचुकार नव्हता. तो आजारी होता.